पपनसाच्या झाडाखाली पाच दिवस

पहिला दिवस

पुण्याहून रात्रीच्या एसटीने निघालो आणि सकाळी सावंतवाडीत उतरलो तेव्हा मोती तलावावर अजून धुकं होतं. स्टँडवर चहा घेतला, आंबोलीकडे जाणारी गाडी पकडली आणि दाणोलीच्या अलीकडे एका आडवाटेला उतरलो. मित्राच्या मामांचं घर तिथून दहा मिनिटांवर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, भात कापणीला आलेलं, आणि दुपारनंतर रोज गडगडाट. मित्राने बजावलं होतं, "सकाळी काय बघायचं ते बघून घे, चारनंतर छत्री."

मी आलो होतो राणी पाकोळीसाठी. इंग्रजी नाव ब्लू मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. 22 जून 2015 रोजी महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, आणि स्वतःचं फुलपाखरू ठरवणारं हे देशातलं पहिलं राज्य. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण या राज्याच्या मानचिन्हांच्या पंगतीत ती अशी जाऊन बसली. पंख पसरले की 120 ते 150 मिलिमीटर, म्हणजे माझ्या तळहाताच्या टाचेपासून बोटांच्या पेरांपर्यंत. राज्यात तिच्याहून मोठं म्हणजे सदर्न बर्डविंग. पुण्यातल्या बागांतही ती दिसते, मुंबईतही. पण माझ्याकडे तिचे सगळे फोटो एकाच प्रकारचे: हललेले. काळपट धूसर डाग आणि मागे पान. मनात एकच होतं, पंख पूर्ण उघडलेला, निळा स्वच्छ दिसणारा एक फोटो मिळवायचा आणि परत यायचं.

मामींनी चहा पुढे केला आणि मामांनी विचारलं, "किडे बघूक इलंस? हंय रग्गड असत." मग मला परसात घेऊन गेले. विहिरीच्या कडेला पपनसाचं जुनं झाड, खाली दोन-तीन वर्षांची दोन रोपं. मामी पपनसाला तोरिंजन म्हणतात. गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटवीला ते लागतंच, त्यामुळे मामांचा त्या रोपांवर जीव. एका रोपाची शेंड्याकडची पानं मधल्या शिरेपर्यंत कुरतडलेली होती.

"गेल्या वर्षी आख्खा रोप खाऊन टाकल्यानी," मामा म्हणाले आणि एका पानाकडे बोट दाखवलं. पानाच्या मधोमध पक्ष्याची विष्ठा पडली होती. तपकिरी, ओलसर चकाकणारी, मध्ये पांढरा पट्टा. मामांनी काडीने तिला टोचलं आणि विष्ठा चालू लागली.

हे मी फोटोत पाहिलं होतं, तरी दचकलो. लहान अळी अशीच राहते, पहिल्या चार अवस्थांत पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग, पाचव्या अवस्थेत एकदम हिरवी. सोंग नुसतं रंगाचं नाही. बसायची जागाही पानाच्या वरच्या पृष्ठावर, उघड्यावर. विष्ठा पानाखाली पडत नाही, हे तिला कोण शिकवतं कुणास ठाऊक. बसण्याआधी ती पानावर रेशमाची पातळ गादी विणते आणि पाय त्यात रोवून ठेवते, म्हणून पावसाच्या सरीतही सुटत नाही.

मामांनी दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा डोक्यामागून दोन टोकांचं लाल, ओलं शिंग बाहेर आलं आणि वास सुटला. कुजलेल्या लिंबासारखा, वर काहीतरी आंबट-तिखट. हा राणी पाकोळीच्या कुळातल्या अळ्यांचा ठेवणीतला उपाय. मुंग्या आणि छोटे शिकारी यामुळे मागे हटतात. मामांवर परिणाम शून्य. ते ती अळी चिमटीत धरून कुंपणापलीकडे फेकायला निघाले. मी म्हटलं, राहू द्या, पाच दिवस तरी. मामींनी माझी बाजू घेतली, "असू दे, पानांच खाता मा!" मामा काही बोलले नाहीत, पण काडी खाली टाकली.

तिथेच अजून दोन गोष्टी सापडल्या. एक, त्याच रोपावर शेवटच्या अवस्थेतली जाडजूड हिरवी अळी, माझ्या करंगळीहून जाड. पुढच्या भागावर डोळ्यांसारखे दोन ठिपके, त्यामुळे छोट्या सापाचं तोंड वाटतं. खरं डोकं त्याखाली दडलेलं, टाचणीच्या माथ्यापेक्षा थोडं मोठं. बाजूंवर तिरपे पांढरे पट्टे आणि त्या पट्ट्यांवर निळसर झाक. लिंबावरच्या कॉमन मॉरमॉनची अळीही जवळजवळ अशीच असते. आकार आणि ही निळी झाक यावरून वेगळी ओळखायची. दुसरी गोष्ट, जुन्या झाडाच्या खोडाला चिकटलेला एक कोष, तपकिरी, कमरेत रेशमी धाग्याने बांधलेला. मला आनंद झाला. पाच दिवसांत हा फुटणार, निळी राणी माझ्यासमोर पंख वाळवणार, आणि ती वाळवत असताना हलत नाही. फोटो ठरला.

जेवण झाल्यावर अंगणात बसलो होतो. अडीचच्या सुमारास मादी आली. काही सेकंदांचा तो खेळ. पपनसाच्या पानांभोवती ती गिरक्या घेत होती, एखाद्या पानाला पुढच्या पायांनी टपटप करायची आणि पुढे जायची. फुलपाखरं पायांनी चव घेतात. हे लिंबाच्याच कुळातलं झाड आहे ना, हे ती चाखून पाहत होती. चौथ्या की पाचव्या पानावर पोट वाकवलं, क्षणभर थांबली, आणि घराच्या छपरावरून निघून गेली. मी खुर्ची लावून चढलो. पानाच्या चकचकीत पृष्ठावर मोहरीएवढं गोल, गुळगुळीत, हिरवं अंडं. एकच. ती एका ठिकाणी एकच घालते; शोधल्यावर दुसऱ्या पानावर दुसरं सापडलं.

नावाची एक गंमत आहे. राणी म्हणायचं, पण जास्त निळा नर. मादीचा निळा फिकट, राखाडी-पिवळट झाक असलेला. दोघांच्याही मागच्या पंखांवर काळे ठिपके, शेपूट नाही, आणि खालच्या बाजूला पंखांच्या मुळाशी लाल डाग. बसलेली पाहिली तर काळा-लाल जीव वाटतो. निळा फक्त उडताना किंवा पंख उघडल्यावर.

दुसरा दिवस

सकाळी आठला पारपोली. आंबोली घाटाच्या पायथ्याचं हे गाव फुलपाखरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. पावसाळ्यानंतर इथे फुलपाखरू महोत्सवही भरतो. पाटी, वाटाड्या, सगळं आहे. मी मात्र ओढ्याच्या कडेला जाऊन बसलो, कारण पावसानंतरच्या उन्हात नर तिथे येतात हे ठाऊक होतं.

साडेनऊपर्यंत काहीच नाही. मग सूर्य झाडांच्या वर आला आणि ओल्या वाळूवर हालचाल सुरू झाली. आधी कॉमन जे आणि ब्लूबॉटल ही फुलपाखरं, त्यांचा घोळकाच. मग वरून एक मोठं काळं काहीतरी तिरकं झेपावत आलं, ओढ्यावर दोन फेऱ्या मारून उतरलं. नर. आणि मग आणखी दोन.

याला चिखलपान म्हणतात. फुलातल्या मधात मीठ जवळजवळ नसतं, आणि नराला सोडियम लागतं. ते ओल्या वाळूतून, चिखलातून, जनावरांच्या मुतलेल्या जागेतून शोषून घेतात. मीलनाच्या वेळी त्यातलं बरंच मादीला जातं आणि अंड्यांच्या कामी येतं. मी पोटावर झोपून सरकत गेलो, दीड मीटरपर्यंत. सोंड वाळूत खुपसलेली, आणि पंख मिटलेले पण थरथरत. दर काही सेकंदांनी पोटाच्या टोकाकडून पाण्याचा थेंब उडायचा. पाणी आत घ्यायचं, क्षार ठेवायचे, पाणी बाहेर. अर्धा तास हेच. मी शर्टाच्या बाह्यांपर्यंत भिजलो.

पंख उघडावेत म्हणून वाट पाहत राहिलो. नर उडताना उघडतात, बसल्यावर मिटतात, आणि मिटले की खालची बाजू, तोच काळा-लाल. मधेच एकाने उन्हात पंख सपाट पसरले. चकाकता निळा, काठाशी काळे ठिपके, पुढच्या पंखांवर काळ्या जमिनीवर निळसर पट्ट्यांची रांग. मी शटर दाबलं आणि पडद्यावर ओढ्याचं पाणी उमटलं. त्याने पंख मिटले आणि उडाला.

दुपारी परतताना वाटेवर भुतकेसाच्या फुलांवर एक मादी दिसली. मध पिताना ही जात बसत नाही, पंख फडफडत असतानाच सोंड घालते आणि पुढच्या फुलावर. ज्यांना बसलेल्या फोटोची सवय आहे त्यांना हे रुचत नाही. माझ्या अपयशाची पूर्ण यादी मित्राला पाठवली; त्याने उत्तरात फक्त हसणारा चेहरा पाठवला.

घरी आलो तर जाड हिरवी अळी पानावर नव्हती. वाटलं मामांनी निकाल लावला. मामींनी हाक मारली, "हय बघ." अळी विहिरीच्या कठड्यावरून चालत होती, निर्धाराने, नुसती चालत. वाटेत थोडं पातळ हिरवट पाणी सांडलेलं. कोषाआधी ती पोट रिकामं करते आणि झाड सोडून जागा शोधायला निघते. कधी दहा-बारा फूट जाते. ही कठड्यावरून परतली, जास्वंदीच्या फांदीला लागली, खाली डोकं वर शेपूट, वर डोकं खाली शेपूट असं तीन-चार वेळा केलं आणि तिथेच थबकली. मामा म्हणाले, "झाड सोडून जास्वंदीत? मगे चलात." पपनसाचा प्रश्न सुटला होता. तेवढ्यात गडगडलं आणि आम्ही आत आलो.

अंड्यांचाही हिशेब. दुसऱ्या पानावरचं अंडं नव्हतं; त्या जागी दोन तांबड्या मुंग्या फिरत होत्या. पहिलं होतं.

तिसरा दिवस

आज आंबोलीला जायचं म्हणून सकाळीच निघालो. निघण्याआधी जास्वंदीकडे पाहिलं. अळी कमरेत वाकून फांदीला टेकलेली. शेपटीकडे रेशमाची गाठ आणि छातीभोवती एक धागा. तो धागा ती डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असं अनेकदा फिरवून, तोंडाखालच्या नळीतून रेशीम सोडत, एकावर एक थर देऊन तयार करते. मी तो तयार झाल्यावरच पोहोचलो.

आंबोली साधारण 690 मीटरवर. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि दिवसाचा अर्धा भाग धुकं. घाटात सकाळी एकही फुलपाखरू दिसलं नाही. गार अंगाने ती उडूच शकत नाहीत. पंख उन्हाकडे उघडून आधी तापावं लागतं, आणि राणी पाकोळीचा काळा रंग तिथे कामाला येतो. धुक्यात सगळी कुठेतरी पानांखाली. मी हिरण्यकेशीच्या देवळाकडे गेलो. गुहेतून निघणाऱ्या त्या झऱ्यात 2020 मध्ये माशाची एक नवी जात नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी; मग 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवाचं पाणी म्हणून कोणी मासे धरत नव्हतं, आणि म्हणून ते टिकले. मला त्या काळ्या दगडाच्या कडेला उभं राहून मासे पाहताना फुलपाखराचा थोडा विसर पडला, हे कबूल.

साडेअकराला धुकं फाटलं आणि घाटाच्या कडेच्या झुडपात त्या दिवसाची पहिली मादी आली. ती माकडलिंबाभोवती घिरट्या घालत होती. माकडलिंबू हे जंगलातलं लिंबाचं भावंड, काटेरी, चिवट, जंगलाच्या कडेला वाढणारं. राणी पाकोळीची मूळची खाद्यवनस्पती ही आणि अशीच काही. पपनस, लिंबू वगैरे बागेतली झाडं तिने नंतर आपलीशी केली. घनदाट जंगलाच्या आत ती फारशी रमत नाही. तिला पायवाट, ओढा, जंगल संपून ऊन सुरू होतं ती सीमारेषा हवी. मामांचं परसही तसंच आहे, मागे रान, पुढे शेत. लिंबाचं एक झाड लावलं की तिची वस्ती तयार, आणि मामांच्या मते तीच तर अडचण.

संध्याकाळी पावसातच परतलो. विजेरी घेऊन आधी खोडावरच्या तपकिरी कोषाकडे. काल तो मला आणखी गडद वाटला होता आणि मी मनात दिवस मोजले होते. आता त्याच्या बाजूला टाचणीने पाडावं तसं एक भोक, आणि भोकाच्या कडेवर एक इवलीशी, धातूसारखी हिरवी चमकणारी गांधीलमाशी. मुंगीपेक्षा लहान. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी.

मी मामांना बोलावलं. मामींनी विजेरी धरली. आम्ही तिघं उभं राहून मोजत होतो; तीस झाल्यावर मी सोडून दिलं. कोष नवा, मऊ असतो तेव्हाच या परजीवी माश्या त्यात अंडी घालतात. अळ्या आतून खात वाढतात आणि सगळ्या मिळून एकाच भोकातून बाहेर पडतात. मी गडद होणं पाहिलं ते चुकीचं होतं. निरोगी कोष शेवटच्या दिवसात काळा पडतो आणि कवचातून पंखांचा निळा दिसू लागतो. हा मात्र निर्जीव तपकिरी, ताठ, स्पर्श केला तर हलत नव्हता. पहिल्याच दिवशी स्पर्श करून पाहायला हवं होतं.

"माका वाटलां पाखरू येतला," मामा म्हणाले. मग बराच वेळ गप्प. "हेंच्या पोटात ह्यां खंयसून इलां?" मी सांगितलं. त्यांनी जास्वंदीकडे विजेरी वळवली, अळी अजून तशीच वाकलेली होती, आणि काही न बोलता आत गेले.

चौथा दिवस

आज कुठेही गेलो नाही. सहालाच जास्वंदीखाली पाट टाकून बसलो.

सव्वासातला अळीच्या अंगात एक लाट गेली, शेपटीकडून डोक्याकडे. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा लाट. कात सैल झाल्यासारखी दिसू लागली, आणि पाठीवर डोक्यामागे एक फट पडली. त्या फटीतून ओला फिकट हिरवा बाहेर येत होता, आणि कात खाली सरकत होती, ओल्या पायातून मोजा काढावा तशी. अंगाच्या वळवळीने ती शेपटीपर्यंत गोळा झाली. मग आला अवघड भाग. कात टाकायची तर शेपटीची पकड क्षणभर सोडावी लागणार, आणि खाली तीन फूट जमीन. मधे फक्त छातीभोवतीचा तो धागा. तिने शेपूट काढली, नव्या कोषाच्या टोकावरच्या बारीक आकड्यांनी रेशमाची गाठ पुन्हा शोधली, दोन-तीनदा चुकून, आणि मग अडकली. चार-पाचदा गिरकी घेऊन जुनी कात झटकली. ती खाली मातीत पडली, काळपट चिंधीसारखी.

सात अडतीस. मी फोटो काढायला विसरलो होतो.

कोष आता मऊ होता. मध्ये मागे वाकलेला, पुढे दोन टोकं, पंखांचा भाग फुगलेला, जास्वंदीच्या पानाचाच हिरवा. कोषाचा रंग हिरवा किंवा तपकिरी होतो तो परिसरावरून ठरतो. खोडावरचा तपकिरी, पानांतला हिरवा. पहिले काही तास कवच घट्ट होत नाही. नेमक्या याच वेळेची माशी वाट पाहते.

मी हे मामींना सांगितलं, म्हणजे नुसतं सांगितलं. त्या आत गेल्या, जुनी मच्छरदाणी घेऊन आल्या, आणि कात्रीने एक तुकडा कापून फांदीभोवती गुंडाळला. दोन्ही टोकांना सुतळीने बांधला. मामा बघत होते. ते म्हणाले, वारा शिरला पाहिजे, आणि एक गाठ सैल केली. मग स्वतःच, हळूच, पपनसाच्या रोपावरच्या त्या टोचलेल्या विष्ठेकडे, म्हणजे अळीकडे, पाहून आले. ती होती. तिला हात लावला नाही. मी काही बोललो नाही, न बोलणंच बरं होतं.

मी विचार करत होतो त्या सात अडतीसचा. दोन दिवस भटकून, ओढ्यात भिजून मी ज्या निळ्यामागे धावलो, तो या फुलपाखराच्या आयुष्याचा शेवटचा भाग. आधी चार-सहा दिवस अंडं, मग तीन-चार आठवडे अळी, पाच वेळा खाऊन पाच वेळा कात, मग दोनेक आठवडे कोष. हवामानाने थोडं पुढे-मागे. आणि हे सगळं एका लिंबाच्या कुळातल्या झाडाभोवती, बहुतेक एका परसात. फुलपाखरू पाहायला लोक जंगलात जातात. मी पण गेलो.

दुपारी अंड्याचा रंग पाहिला. हिरवा गेला होता, भगवट-पिवळा झाला होता. बाहेर येणारी अळी पहिलं जेवण म्हणून त्याचंच कवच खाते.

संध्याकाळी पाऊस खूप. मच्छरदाणी भिजली, फाटली नाही.

पाचवा दिवस

दहाची गाडी. सकाळी अंडं गडद दिसलं, अळी बाहेर आली नव्हती. कोष तसाच. विहिरीवर एक नर आला, बागेवरून एक गिरकी, आणि सूर्यप्रकाशातून पार. मी कॅमेरा पिशवीत भरला होता. मामा म्हणाले, "बघ, आता इलो." मामींनी पोह्यांच्या डब्याबरोबर एक पपनस दिलं. सावंतवाडीत गाडी बदलताना ते मांडीवर ठेवून बसलो, शेजारचा माणूस वाटेत तीनदा विचारत राहिला, गोड आहे का.

पंधराव्या दिवशी फोन वाजला. मामी. "आज सकाळी इलां भायर. जास्वंदीवर पंख सुकवल्यान नि गेलां. फोन घरात होतो."

मागोमाग फोटो आला. फाटकी मच्छरदाणी, सोडलेली सुतळी, आणि फांदीवर रिकामं कवच, एका बाजूने उघडलेलं.